कर्णा छपरावर, भांडण खोलीत

हॅलो, हॅलो. मागं वळून बघू नका, माझ्यात तोंड घालून कुणी बोलत नाही. ह्या खेपेला मी स्वतःच बोलतोय. मी निमगाव सावाच्या कुंडलिकभाऊंचा माईक.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते दुकानातच. कुंडलिकभाऊंचा मंडप-स्पीकरचा धंदा. त्यांनी मला उचललं, फुंकर मारली आणि म्हणाले, "ह्यो चालंल." तेव्हापासून सात वर्षं जो भेटतो तो आधी फुंकर मारतो, मग दोन टपल्या. पाव्हण्याला असं कुणी भेटतं का? असो. लग्नात मी आहेर पुकारले, निवडणुकीत नको ते ऐकलं आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात तर माझा रुबाब विचारूच नका. तिथं शर्यत पुकारणारे यमाजी मला धरायचे. गाडा सुटला की त्यांच्या आवाजानं माझी जाळी थरथरायची. गावभर ऐकू जाणं म्हणजेच जगणं, असं मी धरून चाललो होतो.

मग मी एका शाळेत गेलो. गावाचं नाव सांगत नाही, पोरींचा प्रश्न आहे. स्नेहसंमेलन दोन दिवसांवर आलेलं, म्हणून माझा कर्णा छपरावर बांधला, आवाजाचं मशीन चालूच ठेवून कपाटात कुलपात घातलं आणि मला नववीच्या वर्गात ठेवलं. तिथं पुष्पा मॅडमनी नवीनच काढलं होतं. पोरांची भांडणं पोरांनीच मिटवायची. मधे एक मध्यस्थ बसणार, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, कुणाची बाजू घ्यायची नाही आणि खोलीतलं खोलीतच ठेवायचं. मध्यस्थ निवडला यमाजींचा नातू शौर्य. पोरगं समजूतदार, पण हातात माईक नसला की त्याची जीभच उचलत नसे.

पहिलंच भांडण अवघड निघालं. हर्षाली आणि श्रेया पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या, आणि पंधरा दिवस बोलणं बंद. हर्षालीनं शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता. शनिवारी तो हातात पडला की ती ओतूरला जाणार होती. त्या दिवशी शुक्रवार होता.

दार लावून तिघं बसले. शौर्य बराच वेळ "अं, अं" करत राहिला, शेवटी त्यानं मला उचललं. फुंकर, दोन टपल्या, बटण. छपरावरचा कर्णा गरजला. आजोबांच्या घरात वाढलेल्या पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि पोरी आपापल्या रागात होत्या.

"मंडळींनी शांतता राखावी," शौर्य म्हणाला. मंडळी म्हणजे त्या दोघी. "हर्षालीचा गाडा जुंपलेला आहे. ज्याच्या हातात माईक, त्यानंच बोलायचं."

हर्षालीनं मला घेतलं. "आमची मेंढरं हायेत. पोरं मला बघून बें बें करत्यात. त्याचं मला काय नाय. पण त्या दिवशी तू पण हसली, श्रेया."

हे वाक्य कांद्याच्या वावरात गेलं, डेअरीत गेलं, पारावर गेलं. दहा मिनिटांत निम्मं गाव शाळेच्या पटांगणात. हर्षालीची आजी तानूबाई मेंढरांसकट आली, ती तरी कुणाच्या भरवशावर सोडायची? श्रेयाचे चुलते बाळासाहेब मोटरसायकलवरून आले.

"पोरगी जरा हसली, त्यात काय झालं?" बाळासाहेब म्हणाले.

"तुमी हसून दाखवा की. आमी बी बघतो," तानूबाई म्हणाली.

झालं, दोन तट पडले. घाटातली सवय असलेले पाच-सहाजण "पयला नंबर कुणाचा, निकाल द्या" म्हणून बसले. एकानं टॉवेल फिरवला. मेंढरांनी कुंड्यांतला झेंडू फस्त केला. पुष्पा मॅडम पायरीवर उभ्या राहून गावाला विनवत होत्या, "अहो, एकानं बोला, बाकीच्यांनी ऐका."

"ऐकतोयच की मॅडम," मागून कुशाबा म्हणाले. "कर्ण्यावर लई क्लिअर येतंय."

तेव्हा कुठं आतल्या तिघांना उमगलं. शौर्यानं माझं बटण दाबून पाहिलं, ते अडकलेलं. मशीनच्या कपाटाची किल्ली कुंडलिकभाऊंच्या खिशात आणि कुंडलिकभाऊ चहाला. हर्षालीचं तोंड एवढंसं झालं. श्रेयानं मला तिच्या हातातून घेतलं.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "हसले पण सगळ्यांसमोरच व्हते. पोरं मलापण चिडवतील म्हणून हसले. चुकलं माझं, हर्षे."

मी परत हर्षालीच्या हातात आलो. तिच्या तळव्याला घाम सुटला होता, श्वास माझ्या जाळीला लागत होता आणि मला कळलं की आता ही जे बोलणार ते एकट्या श्रेयासाठी आहे. बाहेर गाव कान टवकारून उभं. मला त्या पोरीची फार माया आली. होती नव्हती ती ताकद लावून मी माझी आतली तार तोडून घेतली.

ती बोलली, तीन-चारच वाक्यं. बाहेर एकच गलका, "आवाज वाढवा राव, काय म्हणाली?" बाळासाहेब खिडकीच्या गजाला लोंबकळले. त्यांना फक्त दोघी रडताना दिसल्या.

शनिवारी दाखला न्यायला कुणी आलं नाही.

बाळासाहेब आणि तानूबाई मात्र अजून बोलत नाहीत. त्यांचं भांडण आता नववीकडे दिलंय. शौर्य हातात खडू धरून ते मिटवतोय, तिसरी बैठक झाली म्हणे.

मी पत्र्याच्या पेटीत आहे. "गेला कामातून," कुंडलिकभाऊ म्हणतात. हर्षाली काय बोलली ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही सांगणार नाही. भाऊ, दुरुस्त केलंत तर मला घाटात न्या, मंडपात न्या, पण पोरं एकमेकांशी बोलत असतील तिथं नेऊ नका. मला बोलायची लई खोड आहे, दुसऱ्यांदा गप्प बसायला जमेल असं वाटत नाही.