हिच्याबद्दल बोलायचं

मुलाचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी दुकानात एका सोफ्याचं जुनं कापड उसवत होतो. “बाबा, आई गेली,” एवढंच तो म्हणाला. मी कात्री ठेवली, शटर ओढलं आणि निघालो.

आमचं सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं दुकान. लाकूड, स्प्रिंगा, खिळे माझ्याकडे. शिवण सगळी हिची.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. आमच्यात अशा वेळी गेलेल्या माणसाचा विषय काढत नाहीत, घरच्यांना त्रास नको म्हणून. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि सून मधोमध बसून हिच्या गमती सांगत होती. सून दूरच्या देशातली. आमची भाषा तिला हिनेच शिकवली, त्यामुळे टोमण्यांसकट शिकलीय. सांगता सांगता ती मोठ्याने हसली.

अक्का, माझी थोरली बहीण, माझ्या कानाशी लागली. “सासू जाऊन दिवस मावळला नाही आणि ही दात काढतेय!”

मलाही राग आला होता. “पुरे आता,” मी म्हणालो.

सून गप्प झाली ती गप्पच राहिली. जेवायला वाढायची, आवराआवर करायची, पण तोंडातून शब्द नाही. काही आठवड्यांनी मुलगा म्हणाला, “बाबा, आम्ही दुसरीकडे जागा बघतोय. तिला इथे गुदमरायला होतं.”

“का? कुणी काय केलं तिला?”

“तिलाच विचारा.”

मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का लसूण सोलत होती, सून ओट्यापाशी उभी. मी विचारलं, तर तिने मलाच उलट विचारलं, “बाबा, तुमचं आईंशी भांडण होतं का?”

“भांडण? कशाचं भांडण?”

“मग त्यांच्याबद्दल एक अक्षर का बोलत नाही? आमच्याकडे माणूस गेलं की घरचे बोलत राहतात. हसतात, रडतात, पण बोलतात. ज्याच्या मनात अढी असते तोच गप्प बसतो. तुम्ही मलाही गप्प केलंत. ज्या घरात आईंचं नाव काढायचं नाही, तिथे मी कशी राहू?”

“अगं, बोललो तर मला रडू येईल.”

“मग येऊ दे की!”

मी स्टुलावर बसलो. मग आमच्या एका गिऱ्हाइकाची, वकीलसाहेबांची खुर्ची आठवली.

“एकदा हिने माझा फोन खुर्चीच्या बैठकीत शिवून टाकला,” मी म्हणालो. “कळलंच नाही आम्हाला. खुर्ची पोचवली, वकीलसाहेब ऐटीत बसले, आणि बुडाखालून रिंग वाजायला लागली.”

सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. “मग?”

“साहेब टुणकन उठले. हिने तिथेच फरशीवर बसून सगळी शिवण उसवली. फोन निघाला तरी वाजतच होता. बघतो तर अक्काचा.”

“माझा?” अक्का म्हणाली. “मी कशाला केला होता?”

“ते तूच सांग. बाहेर पडल्यावर मी हिच्यावर चिडलो, तर ही म्हणाली, ‘फोन तुमचा, बूड त्यांचं, आणि बोलणी मी खायची होय?’”

सून इतकी हसली की तिला ओटा धरावा लागला. अक्काही हसली, मग डोळ्यांना पदर लावला. “लसूण झोंबला,” म्हणाली. मला रडू आलंच. कुणी मला गप्प केलं नाही.

जागा बघणं तूर्त थांबलंय. आता रोज जेवताना हिच्याबद्दल काही ना काही निघतं. अक्का तर एकच गोष्ट दर वेळी वाढवून सांगते, आणि सून तिला अडवते, “आत्या, काल असं नव्हतं हं.”

मुलगा आमच्यात बसतो, सगळं ऐकतो, ताट उचलतो आणि जातो. त्याने आईबद्दल अजून काहीच सांगितलेलं नाही.