पुस्तकातला बांध

मी झोपाळा बोलतोय. पण माझ्या बोलण्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. जितका पुढे जातो तितकाच मागे येणाऱ्याची आठवण कितीशी पक्की असणार? त्या दिवशी कुशाबा हसला होता की त्याला ठसका लागला होता, हे मला नीट आठवत नाही. जनार्दनरावांना ते अखेरपर्यंत कळलं नाही.

१९९८ साली पौडच्या एका सुताराने मला घडवलं. जुन्या सागाची फळी, पितळी कड्या. जनार्दनराव तेव्हा नुकतेच कॉलेजातून निवृत्त झाले होते. नावावर एक कादंबरी होती, बऱ्यापैकी वाचली गेलेली. दुसरी निवांतपणे लिहावी म्हणून त्यांनी कोळवणात कुशाबाचं भातखाचर विकत घेतलं, घर बांधलं आणि पडवीत मला टांगलं.

मांडीवर पुठ्ठा घेऊन ते माझ्यावरच बसून लिहीत. वाक्य अडलं की पायाने रेटा देत. सापडलं की पाय टेकून मला थांबवत. मी थांबलो की त्यांच्या पत्नी रजनीबाई समजायच्या, आता चहा न्यायला हरकत नाही.

जमीन विकली तरी बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडायचा मान कुशाबाच्या घराकडेच होता. नारळ फोडून तो पडवीत टेकायचा, खोबऱ्याचा तुकडा पुढे करायचा आणि बोलत राहायचा. हळूहळू कादंबरीतला शेतकरीही कुशाबासारखी कानामागे विडी ठेवू लागला. त्याने मात्र जमीन विकली नव्हती. शेवटच्या पानावर तो आपल्या बांधावर पडून मेला.

कादंबरी गाजली, पुरस्कार मिळाला. कुशाबाच्या सुनेने, शुभांगीने, ती त्याला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तो आला. जनार्दनराव उठून उभे राहिले. मी रिकामाच हलत राहिलो.

"मारलंत व्हय मला, सर?" तो म्हणाला. "आन् तेराव्याला जेवायला बी बोलावलं न्हाई."

मग तो हसला, किंवा त्याला ठसका लागला. लगेच निघूनही गेला.

त्यानंतर नारळ फोडायला त्याची बायको सारजाबाई येऊ लागली. पडवीकडे न बघता परत जायची. जनार्दनरावांचं लिहिणं थांबलं. ते कोरा कागद घेऊन बसत आणि नुसते हलत. "जाऊन विचारू का त्याला?" असं रजनीबाईंना म्हणत. त्या म्हणत, जा ना. ते चपला घालून फाटकापर्यंत जात आणि परत येत.

२००७ मध्ये ते गेले. रजनीबाईंनी घर विकलं आणि मला कुशाबाकडे धाडलं. तो रोज संध्याकाळी माझ्यावर बसायचा, पण माझ्यासमोर पुस्तकाबद्दल चकार शब्द नाही. दोन वर्षांनी तोही गेला, इस्पितळातल्या खाटेवर.

आता माझी एक कडी झिजलीय, फळीला चीर गेलीय. फार दिवस राहिलेले नाहीत. जाता जाता एकच मागणं आहे: कुणाला काही विचारायचं असेल, तर फाटकातून परत फिरू नका.

कारण २०१० मध्ये रजनीबाई आल्या, सारजाबाईंशेजारी माझ्यावर बसल्या आणि विचारून मोकळ्या झाल्या, "त्यांना राग आला होता का हो?"

सारजाबाईंनी पाय टेकून मला थांबवलं.

"राग मला आला हुता. मीच जाऊ देत नव्हते तुमच्याकडं. मालक तर शुभांगीकडनं शेवटचं त्येवढंच पान परत परत वाचून घ्यायचं. म्हनायचं, पुस्तकात बांध अजून माझाच हाय."