सुतकातली परीक्षा

शिरगावचे विश्रामकाका आणि त्यांचा पुतण्या शैलेश यांच्यात अकरा वर्षं विस्तव जात नव्हता. भांडण विहिरीवरच्या पंपाचं. आधी पाळी कुणाची, एवढंच. पंप कधीच जळाला, विहिरीवर शेवाळ आलं, भांडण मात्र टवटवीत. दोन घरांच्या मधे मेंदीचं कुंपण होतं. पलीकडे कुणी ठसकलं तरी अलीकडे मान वळवायची नाही.

असे हे काका माघात एका सकाळी गेले आणि शैलेशच्या घराला सुतक लागलं. जिवंतपणी माणसाचं तोंड बघायचं नाही, पण मेल्यावर त्याचे तेरा दिवस काटेकोर पाळायचे, असली ही भावकी! शैलेशने खांदा दिला, कुणाशी न बोलता परत आला आणि घरातली पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली.

पेटी उन्नतीची, त्याच्या मुलीची. ती पालघरला बारावीत होती आणि संगीत हा तिचा विषय होता. गाण्यात कुणी नापास होतं का, असं म्हणून सगळे तिला हसले होते. ती मात्र दोन वर्षं रोज संध्याकाळी ओसरीवर बसून भूप घोटत होती. प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी सुतकाच्या सहाव्या दिवशी आली. बाहेरचे परीक्षक एकच दिवस येणार, असं बाईंनी फोनवर बजावलं. ती चुकली तर विषय गेला, आणि विषय गेला की बारावी गेली.

"घरात सुतक आन पोर पेटीवर गाते? लोक तोंडात शेण घालतील," शैलेश म्हणाला.

"परीक्षा हाय ती बाबा, गाणं नाय."

"गळा तोच ना?"

आई, दीपाली, भाजी निवडत राहिली. तिच्याकडून काही होणार नव्हतं. मग ज्यांचं सुतक त्यांनाच विचारावं, असं उन्नतीला वाटलं. पाचव्या दिवशी दुपारी ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. काकांची बायको, दमयंतीआजी, ओट्यावर एकटीच बसली होती.

"आजी, उद्या माझी गाण्याची परीक्षा हाय. जाऊ का?"

 आजीने कुंपणाकडे तोंड करून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट केलं. "तिथं बसायचा तुझा आजा. तू गायला लागलीस का मला टीवी बंद करायला लावायचा. जा गो. मीच पाठवली म्हणून सांग."

उन्नती धावत घरी आली आणि तिने ते जसंच्या तसं सांगितलं. इथेच पोर फसली. थोडं खोटं बोलली असती तर कदाचित निभावलं असतं.

शैलेशचा चेहरा काळाठिक्कर पडला. "त्यांच्या दारात गेलीस? अकरा वर्षं मी मान वाकवली नाय, आन तू भीक मागून आलीस? त्यांनी पाठवली म्हणून माझी पोर जाणार? आता तर नायच."

दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षा होती. अकराच्या सुमारास कुंपणापलीकडून आवाज आला, "गेली का गो पोर परीक्षेला?"

सगळ्या घराने ऐकलं. दीपालीचा हात परातीत थांबला. उन्नतीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण दारात बाप बसला होता. तिने ते गिळलं. आजीने पुन्हा एकदा विचारलं. मग खुर्ची ओढत आत नेल्याचा आवाज आला.

चौदाव्या दिवशी शैलेशने स्वतः पेटी खाली काढली, फडक्याने पुसली आणि लेकीसमोर ठेवली. माणूस वाईट नव्हता, पंचाईत तीच होती.

"सुतक फिटलं. गा आता."

"परीक्षा झाली, बाबा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

शैलेश पेटीसमोर बसून राहिला. मग त्याने एका पट्टीवर बोट दाबलं. मागचा भाता हलवल्याशिवाय पेटी वाजत नाही. दोन वर्षं रोज समोर बसूनही त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. त्याने पुन्हा दाबलं, जरा जोराने.