रेघेची जुळवाजुळव

नंदिताचा प्रबंध एका रेघेपायी अडला होता. न्यूट्रॉनांनी आधीच ठासून भरलेल्या कथिलाच्या अणुकेंद्राला ड्यूटेरॉनने आपला न्यूट्रॉन देऊन टाकला, तर उरलेला प्रोटॉन कुठल्या कोनात किती वेळा उडेल, हे सांगणारी रेघ. प्रयोगवाल्यांच्या बिंदूंपासून ती जराशी बाजूने जायची. पण नंदिताने सगळे आकडे आधीच ठरवले होते, मागाहून एकालाही हात लावला नव्हता, आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता.

तिचे मार्गदर्शक गिरीधरराव मूळचे तंजावरचे, आता मैलापूरचे. त्यांना हा बाणेदारपणा परवडत नव्हता.

"कसाला हट्ट करतेस? बलाची खोली थोडी वाढीव, त्रिज्या थोडी कमी कर. बसते की नाही बघ. बसल्यावर सही."

नंदिताचं डोकं सणकलं. दोन दिवसांनी तिने बिंदूंचा नवाच कागद त्यांच्यापुढे ठेवला. "हे जरा बसवून बघता का, सर?"

गिरीधरराव खुलले. फिल्टर कॉफी संपवून संगणकापुढे बसले ते जेवायलाही उठले नाहीत. शेवटी रेघ अशी बसली की दृष्ट लागावी. एकच बिंदू मेला खाली लोंबत होता. "मापणाऱ्याची चूक," म्हणत त्यांनी तो खोडला. "सेरी, बरं, कुठल्या प्रयोगशाळेचं हे?"

"आपल्याच पायऱ्यांवरचं." तिने विभागाचा वार्षिक फोटो पुढे केला. "डावीकडून एकेकाच्या डोक्याची उंची पट्टीने मोजली."

गिरीधररावांनी चष्मा कपाळावर चढवला. फोटोत सगळे ताठ उभे होते. मधोमध, पडलेलं पेन उचलायला वाकलेले ते स्वतः. खोडलेला बिंदू तोच.

थट्टा करायच्या नादात सही कायमची गेली, असंच नंदिताला वाटलं.

मग गिरीधररावांचे खांदे हलू लागले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

"अय्यो, मी खराखरा तेथे होतो की. आणि मलाच खोडलो."

हसू ओसरलं. त्यांनी तिचा प्रबंध जवळ ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुझी रेघ चुकू शकते, नंदिता," सही करता करता ते म्हणाले. "माझी चुकूच शकत नाही, फोटोतल्या डोक्यांवर पण बसते. इतकी वर्षं मी तेच शिकवलो."