बिनघुंगराची म्हैस

एका म्हशीच्या गळ्यात घुंगरू नव्हतं.

संयोगितानं बालवाडीच्या वर्गात खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेल्या म्हशींवरून पुन्हा नजर फिरवली. कागदी प्लेटांच्या म्हशी. दोन प्लेटा एकमेकींवर पालथ्या चिकटवून केलेलं टम्म पोट, काळा रंग, पुठ्ठ्याची शिंगं, गळ्यात लाल दोरा आणि दोऱ्यात एकेक घुंगरू. रंग सगळ्यांचाच ओघळला होता, एकीला तर तीन शिंगं होती, पण घुंगरू प्रत्येकीला होतं. तेजस्वीच्या म्हशीचा दोरा तेवढा मोकळा लोंबत होता.

तिनं टेबलाखाली बघितलं, सतरंजी झटकली, पोरांच्या खिशांत बोटं घालून पाहिली. मग ती तेजस्वीकडे वळली. चार वर्षांची ती पोर डिंकानं माखलेले हात मांडीवर घेऊन, ओठ घट्ट मिटून बसली होती.

खरं तर शाळेच्या पुस्तकात त्या दिवशी सिंह करायचा होता. पण गंगावेशीच्या गवळी वस्तीतल्या या पोरांनी सिंह कुठं बघितलाय? म्हशी मात्र दारात बांधलेल्या, दिवाळी पाडव्याला नटवून मिरवायला नेलेल्या. म्हणून संयोगितानं म्हैस ठरवली, आणि म्हैस म्हटल्यावर गळा रिकामा ठेवायला तिचं मन होईना. हुपरीला तिच्या घरी पैंजणं बनतात. तोंड दबलेली, बाद घुंगरं डब्यात पडून असतात, तुरीच्या दाण्याएवढी. ती तिनं उकळून, पुसून आणली होती. एवढी हौस कुणी सांगितली होती तिला?

"तेजू, घुंगरू कुठाय?"

पोरीनं खिडकीकडे बघितलं.

"तोंडात घातलंस? आ कर. आ कर म्हणते ना."

आवाज इतका चढला की बाकीची पोरं रंगाचे हात तसेच धरून थिजली. संयोगितानं तेजस्वीचा जबडा धरला, गालात बोट फिरवलं, जिभेखाली फिरवलं. पोर रडलीसुद्धा नाही. भेदरलेल्या डोळ्यांनी टीचरच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काहीतरी सांगायचं असेल, हे सुचायला संयोगिताचं डोकं तेव्हा जाग्यावर नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. कुणी बघितलं नव्हतं, आणि पोर तर बोलतच नव्हती. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोला. पण घुंगराच्या सांध्याला वितळलेल्या धातूचा डाग दिलेला असतो आणि त्यात काय काय विषारी मिसळतात ते तिला घरात राहून माहीत होतं. त्यातून ते पोटाऐवजी श्वासनळीत गेलं असलं तर? तिनं तेजस्वीला कडेवर उचललं आणि थेट मैथिली मॅडमच्या खोलीत गेली. शाळा त्यांचीच.

मॅडम ऐकता ऐकता खुर्चीतून उठल्या. "संयोगिताताई, एवढ्या लहान मुलांच्या हातात घुंगरं? तुम्हाला कळायला नको?"

"चुकलं माझं. पण आधी दवाखाना बघू."

तेवढ्यात तेजस्वीचे आजोबा, गुंडू, तिला न्यायला दारात आलेच. म्हशी धुऊन तसेच ओल्या पायांनी आले होते. सगळं ऐकून त्यांनी फक्त विचारलं, "केवढं हाय?"

"तुरीएवढं."

"मग जातंय की खाली." एवढं बोलून ते दोघींबरोबर दवाखान्याला जायला रिक्षात बसले. थोडं अंतर गेल्यावर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "आमची एक म्हस खिळा गिळून गेलती. दोन दिस वैरणीला तोंड लावलं न्हाय. फाडल्यावर कळलं."

त्यांना घाबरवायचं नव्हतं, मनात आलं ते बोलले. मांडीवरच्या पोरीच्या छातीवर संयोगितानं तळवा ठेवला आणि श्वास मोजत राहिली. एखादा श्वास जरा लांबला की तिचाच अडकायचा.

"आन दुसरी आज-उद्या व्यायला टेकल्या," गुंडू स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "ही पोरगी सकाळी साळंत यायच्या आदी तिच्या पोटाला कान लावून बसलेली. रेडकू हलतंय का बघती म्हनं."

संयोगिताच्या कानांत ते शिरलंच नाही. अंबाबाई, हिला वाचव, बाकी काय व्हायचं ते होऊ दे, एवढं एकच तिचं चाललं होतं.

एक्स-रेच्या खोलीत आजोबा पोरीला घेऊन आत गेले, संयोगिताला बाहेर थांबवलं. दार लागलं आणि आतून तेजस्वीचा पहिला हंबरडा आला. संयोगितानं भिंत धरली. किती वेळ गेला कोण जाणे. मग डॉक्टर फोटो उजेडाला धरत बाहेर आले. "काही नाही. पोटात नाही, छातीत नाही, कुठंच नाही. घरी न्या."

तिला तिथंच रडू फुटलं. गुंडूंनी टोपी काढून आपलं तोंड पुसलं. "रडू नगा, बाई. लपवून ठिवलं न्हाईसा, बरं केलंसा."

शाळेत परतल्यावर मॅडमना मात्र ते पुरेसं नव्हतं. पालकांचे फोन सुरू झाले होते. "सोमवारपासून येऊ नका, ताई. माझा नाइलाज आहे. आणि जाताना त्या म्हशी कचऱ्यात टाका."

रिकाम्या वर्गात संयोगितानं एकेका म्हशीच्या गळ्यातलं घुंगरू कात्रीनं काढलं, रुमालात गच्च बांधलं, म्हैस टोपलीत टाकली. तेजस्वीच्या म्हशीला काढण्यासारखं काहीच नव्हतं. ती टाकायला हात होईना, म्हणून पिशवीत गेली.

हुपरीच्या बसमध्ये जागा मिळाली, पण भीती उठून गेली नाही. पोटात नाही तर गेलं कुठं? नाकात असेल? फोटोत दिसलं नसेल? रात्री झोपेत पोरीला ठसका लागला तर? गुंडूंच्या घरचा नंबरही तिच्याकडे नव्हता.

बस गतिरोधकावरून आदळली आणि पिशवीत बारीकसं काहीतरी वाजलं.

रुमाल तर तिच्या मुठीत होता. तिनं म्हैस बाहेर काढली, कानाशी नेऊन हळूच हलवली. पोरीनं आत ओतलेला डिंक वाळून तडकला होता आणि दोन प्लेटांच्या मधे, त्या टम्म पोटात, त्याला चिकटलेलं घुंगरू सुटं झालं होतं.

रिक्षातलं गुंडूंचं बोलणं तिला आता ऐकू आलं. पोरीनं सांगितलंही असतं. विचारणाऱ्यानं तिचा जबडा धरला नसता तर.

"काय वाजतंय वो त्यात?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"रेडकू हाय," संयोगिता म्हणाली. "गाभण हाय ती."

बाई जराशी सरकून बसली. संयोगितानं म्हैस मांडीवर घेतली आणि पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता म्हणून दोन्ही हात तिच्या पोटाखाली धरले, ते हुपरी येईपर्यंत.