बोटाने वाचलेलं पत्र

त्या काळी सेफ्रू गावातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही पत्र आलं, की ते लल्ला बतूलच्या अंगणात यायचं. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे आदराने लल्ला म्हणतात. फ्रान्सच्या खाणींत गेलेले नवरे, पलटणीतले मुलगे, सगळ्यांची पत्रं तीच वाचून दाखवायची. सत्तरी ओलांडल्यावर एका सकाळी तिला घेरी आली. त्यातून ती उठली, चालू लागली, बोलणंही शाबूत राहिलं. पण कागद समोर धरला, की त्यावर नुसत्या मुंग्या. अक्षरं दिसत होती, लागत नव्हती.

फेस शहरातला डॉक्टर म्हणाला, "मावशी, डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांकडून शब्दांकडे जाणारी मेंदूतली वाट तेवढी बुजलीय. हाताची वाट वेगळी असते. लिहून बघा."

आणि खरंच, लिहिता येत होतं! स्वतःचंच लिहिलेलं वाचता मात्र येत नव्हतं. तशाच अवस्थेत तिने दूर उज्दा शहरात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, रहिमोला, पत्र लिहिलं: आता एकटीने निभत नाही, तुझ्याकडे राहायला येऊ का? आपण नेमकं काय लिहिलंय, ते घडी घालण्याआधी पुन्हा बघायची सोय नव्हती. बहिणी अकरा वर्षांत भेटल्या नव्हत्या.

उत्तर आलं. एव्हाना गल्लीत घरोघरी शिकलेल्या मुली झाल्या होत्या, बतूलच्या अंगणात कुणी फिरकत नसे. तिने शेजारच्या फदीलाला हाक मारली. फदीलाने उभ्या उभ्याच वाचलं.

"'माझ्या लाडक्या बहिणी, तुझी फार आठवण येते. सध्या घराचं काम काढलंय. ते आटोपलं की तुला न्यायला कुणाला तरी पाठवते.' बघा लल्ला! आता काय, आयतं खायचं न् उन्हात बसायचं."

"एवढंच?"

"मग काय, ग्रंथ लिहिणार?"

फदीला गेली. बतूलने पत्र पुन्हा हातात घेतलं. रहिमोने उभ्या जन्मात कुणाला लाडकी म्हटलं नव्हतं. हे वाक्य बतूलच्या ओळखीचं होतं, कारण ते तिचं स्वतःचं होतं. कुणाच्या नवऱ्याने फ्रान्समध्ये दुसरं लग्न केल्याचं कळवलं, तरी ती वाचायची, 'माझ्या लाडक्या बायको, यंदा काम फार आहे.' आणि पाच वर्षांची फदीला आईच्या गुडघ्याला टेकून ते सगळं ऐकत असायची.

आता विचारणार कुणाला? दुसरी कुणीही असंच साखर घालून वाचणार.

तिला वडिलांची शाळा आठवली. मातीने सारवलेल्या फळीवर ते बोरूच्या मागच्या टोकाने अक्षर कोरायचे, आणि ती त्या चरातून शाई ओढत न्यायची. अक्षर आधी हाताला आलं होतं, डोळ्याला कितीतरी नंतर.

तिने कागद चौरंगावर पसरला आणि आमच्या लिपीच्या रीतीने उजव्या कडेपासून शाईवरून बोट फिरवायला घेतलं. बोट वळलं, खाली उतरलं, टिंबावर थांबलं. आणि डोक्यात कुणीतरी ते अक्षर उच्चारलं. पुढचं. त्याच्या पुढचं. शब्दाच्या शेवटापर्यंत पोचावं, तर सुरुवात हरवलेली असायची. मग ती प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणून धरून ठेवू लागली. पहिल्या दिवशी तीन शब्द झाले. तिसऱ्या दिवशी पत्र संपलं.

'पत्र मिळालं. सून ठेवून घेणार नाही. येऊ नकोस.'

शेवटच्या शब्दावरून तिने चार वेळा बोट फिरवलं. चारही वेळा तो तोच निघाला.

दुपारी फदीला सुपाचा वाडगा घेऊन आली. "काय लल्ला, बोचकं बांधायला घेतलं की नाही?"

"रहिमो येऊ नको म्हणतेय."

फदीलाने वाडगा चौरंगावर ठेवला. "कुणी सांगितलं?"

"बोटाने. रागावले नाही गं. माझ्याच अंगणात शिकलीस तू."

"तुमचं तोंड बघवत नव्हतं मला."

"मलाही तुझ्या आईचं बघवायचं नाही. म्हणून तर ती बिचारी नऊ वर्षं नवऱ्याची वाट बघत दाराशी बसून राहिली."

फदीलाने वाडगा तिच्यापुढे सरकवला. मग पलीकडून तिच्या पोरांची भांडणं ऐकू आली आणि ती लगबगीने गेली.

सूप निवलं. बतूलने पुदिन्याची जुडी सोडली, तिच्यावरचा वर्तमानपत्राचा ओलसर कागद हाताने सारखा केला आणि उजव्या कडेला बोट ठेवलं. उन्हं भिंतीवर चढेपर्यंत एक ओळ झाली. मेकनेसमधल्या कुठल्याशा टायरच्या दुकानाचा पत्ता होता. तिने तो रिकाम्या अंगणात मोठ्याने वाचला आणि दुसऱ्या ओळीला बोट लावलं.