वेतवालीचं मागणं

चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले की वेतवालीही डोळे मिटून म्हणायची. नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, इथपर्यंत आवाज खणखणीत. मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, ही ओळ यायची आणि तिचे ओठ मिटायचे. रोजच्या भाकरीपाशी ती पुन्हा सगळ्यांच्यात मिसळायची. शंभर माणसांत एकीने एक ओळ गाळली तर कुणाला पत्ता लागणार? लागायचा तो शेजारी बसलेल्या नवऱ्याला. तो बस चालवायचा. इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी त्याचे कान टवकारायचे. पण या बाबतीत त्याने कधी ब्र काढला नाही.

कारण त्याला ठाऊक होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला, तेव्हा दोघांनी पलंगाशी गुडघे टेकले आणि तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, असं अगदी अंतःकरणापासून म्हटलं. बाळ राहिलं नाही. तिने देवाला सोडलं नाही, चर्चला जाणं सोडलं नाही. पण त्याच्या हाती काही सोपवायचं म्हटलं की तिची मूठ आपोआप आवळायची. एकदा तोंड पोळलेलं माणूस फुंकर मारल्याशिवाय घोट घेत नाही, तशातली गत.

तिचा धंदा वेताच्या खुर्च्या विणून देण्याचा. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. एका टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, भिंतीला बैठका फाटलेल्या खुर्च्या टेकून ठेवलेल्या. ओली पट्टी चौकटीच्या भोकातून ओवायची, ताणायची, सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची आणि पुढचं भोक धरायचं. एका बैठकीला तीन दिवस लागत. लोक तिचं नाव विसरले होते. वेतवाली म्हटलं की सगळ्या गल्लीला कळायचं.

याच खोलीत एके दिवशी बालकल्याण कचेरीतल्या बाई आठ महिन्यांची एक मुलगी घेऊन आल्या. मुलीच्या आईचं बाळंतपणानंतर मन बिघडलं होतं, तिला इस्पितळात ठेवलं होतं, बापाचा ठावठिकाणा नव्हता. सहा आठवडे सांभाळाल का, असं बाईंनी विचारलं. मूल सांभाळायला तयार असलेल्यांच्या यादीत या जोडप्याचं नाव दोन वर्षांपासून होतं.

त्या सहा आठवड्यांची चार वर्षं झाली.

हनुवटीवर तीळ होता म्हणून मुलीचं नाव पडलं ठिपकी. ती खुंट्या मोजत मोजत आकडे शिकली. बिनबैठकीच्या खुर्चीच्या चौकटीतून डोकं बाहेर काढून ती वेतवालीच्या नवऱ्याला तिकीट मागायची आणि तो बिचारा दिवसभर बस चालवून आल्यावर पुन्हा जमिनीवर बसून बस चालवायचा. ती त्याला बाबा म्हणायची आणि वेतवालीला आई. कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाला मोडताही आलं नाही.

दर सहा महिन्यांनी कचेरीतून कागद यायचा. आईच्या तब्येतीत सुधारणा नाही. तो वाचला की वेतवालीचा जीव भांड्यात पडायचा. रोज सकाळी टबातलं पाणी बदलताना ती एकच मागायची, माझी पोर माझ्याकडे राहू दे. या मागण्याची दुसरी बाजू तिला दिसत नव्हती असं नाही. पोर इथे राहायची तर तिकडे ती बाई बरी होता कामा नये. पण तिकडे ती बघायचीच नाही.

मग एका कागदात लिहून आलं की आई आता बरी आहे. वर्षभर औषधं नीट घेते आहे, एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला लागली आहे, खोली घेतली आहे आणि मुलगी परत मागते आहे. आधी सहा भेटी व्हायच्या होत्या, वेतवालीच्या घरी, दर शनिवारी. प्रत्येक भेटीनंतर वेतवालीने जे पाहिलं ते लिहून द्यायचं होतं. कचेरीतल्या बाईंनी जाता जाता सांगितलं, "तुमच्या लिहिण्याला फार वजन आहे. मुलीला तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

त्या संध्याकाळी नवरा बराच वेळ बूट काढायचंच विसरला. मग म्हणाला की उतारू कितीही लाडका असला तरी त्याचा थांबा आला की दार उघडावं लागतं. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून तो रडत होता, ते तिने ऐकलं आणि मग बोलायला लागली.

पहिल्या भेटीला आली ती बाई पोरसवदाच होती, पंचविशीची असेल. लॉन्ड्रीतल्या गरम पाण्याने हात लाल झालेले. ठिपकी वेतवालीच्या मागे लपली ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या भेटीत त्या बाईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि पोरीने भोकाड पसरलं. वेतवालीने दोन्ही वेळेला जे घडलं तेच लिहिलं. एक शब्द वाढवला नाही, पण लिहिताना बरं वाटलं, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. ते बरं वाटणंच तिला खुपायला लागलं. शेवटी ती चर्चच्या पाळकांकडे गेली.

पाळक म्हातारे होते. चर्चच्या मागच्या खोलीत एक मोडकं हार्मोनियम उघडून बसले होते. तिने सगळं सांगितलं. ठिपकी माझ्याकडेच राहावी म्हणून प्रार्थना करा, असं म्हणाली आणि मग त्या गाळलेल्या ओळीचंही सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय हे देवाला कधी सरळ सांगितलंस?"

"रोज सांगते की."

"पोर राहू दे म्हणतेस. ती बाई बरी होऊ नये असं मला वाटतं, हे सांगितलंस?"

देवाला असलं कसं सांगायचं, असं काहीतरी ती पुटपुटली.

पाळक म्हणाले, "पकडला जाण्याआधी बागेत त्या रात्री येशूनेसुद्धा आधी स्वतःला हवं तेच मागितलं. हे दुःख टळू दे म्हणाला. लपवलं नाही. तरी तुझ्याच इच्छेप्रमाणे होवो, हे दुसरं वाक्य त्याच्यानंतर आलं. तू पहिलंच अर्धं गिळतेस, मग दुसरं गळ्यातून कसं निघेल?"

त्याची इच्छा काय आहे ते तुम्हाला कळतं का, असं तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दोन बायका आणि एक लेकरू, तिघीही त्याच्याच. यात कुणाला काय मिळावं हे कळत असल्याचा आव मी आणणार नाही, असं म्हणाले. पुढचं एक पाऊल मात्र बहुतेक वेळा दाखवलं जातं, आणि तेही पाऊल उचलायची वेळ आल्यावरच. इतकंच बोलून ते पुन्हा हार्मोनियमच्या पट्ट्यांकडे वळले. ती आली तशी रिकाम्या हातांनी घरी गेली.

तिसरा शनिवार आला. भेटीची वेळ तीनची. नवरा कामावर होता, ठिपकी आतल्या खोलीत झोपली होती. सव्वातीन झाले, साडेतीन झाले, कुणी आलं नाही. वेतवालीने कचेरीचा कागद काढला, तारीख लिहिली आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या फुटपाथवर, दिव्याच्या खांबाला टेकून ती बाई उभी होती. छातीशी कागदाची एक पिशवी घट्ट धरलेली. दाराकडे बघत होती, पण पाऊल पुढे पडत नव्हतं.

वेतवाली पडद्याआड झाली. कागद समोरच होता. आई भेटीला आली नाही. चार शब्द, आणि पुरते खोटेही नाहीत. अजून थोडा वेळ गेला तर ती बाई निघून जाईल, मग खोट्याचा प्रश्नच उरणार नव्हता. काही करायचंही नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

ती बसली. अर्ध्या विणलेल्या खुर्चीवर हात ठेवून, ओठ हलवत, पहिल्यांदा सगळं बोलली. मला ती हवी आहे. त्या बाईने निघून जावं असं मला वाटतं. ती आजारीच राहावी असं मी चार वर्षं मागत आले. माझं बाळ तू घेतलंस, याचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि आता हीसुद्धा नेशील म्हणून मला तुझी भीती वाटते. आणखी काही उरलं नाही तेव्हा ती थांबली. कुठून आवाज आला नाही, मनात उजेडबिजेड पडला नाही. आत ठिपकीने कूस बदलली, तेवढंच ऐकू आलं. वेतवालीने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. ती बाई अजून तिथेच होती.

मग ती उठली, चपला घालून रस्ता ओलांडून गेली.

तिला समोर बघून ती बाई दचकली. चुकलं माझं, जातेच आता, म्हणाली. पिशवीत पोरीसाठी स्वतः शिवलेला एक फ्रॉक होता. तो तेवढा द्या, असं सांगून पिशवी पुढे करायला लागली. वेतवालीने ती घेतली नाही. घरात का आला नाहीत, असं विचारलं.

"आले असते," ती बाई म्हणाली. "पण मागच्या वेळी ती रडली तेव्हा तुम्ही तिला कसं घेतलंत ते मी पाहिलं. इस्पितळात मला स्वतःचं नाव आठवायचं नाही, अशा दिवसांतही मी एक मागायचे. माझ्या पोरीला कुणीतरी जीव लावणारं माणूस मिळू दे. देवाने ते दिलं. आता त्याच माणसाकडून मी तिला ओढून न्यायची का? तेच मला कळेना."

चार वर्षं दोघी एकाच देवाच्या दाराशी उभ्या होत्या. तिकडून एक मागणं जात होतं, इकडून दुसरं. तिकडच्या मागण्याचं उत्तर म्हणजे वेतवाली स्वतःच होती.

"मी तुमच्यासाठी कधी चांगलं मागितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बऱ्या होऊ नये असंच वाटायचं मला."

त्या बाईने पिशवी पुन्हा छातीशी धरली. "तरी झाले बघा," ती म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं, कसंनुसं, रडण्याच्या काठावरचं.

"चला घरात. ती उठेल आता. झोपेतून उठली की कुणीही तिच्याशी पाच मिनिटं बोलायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं. तुम्ही बसा, मी स्वयंपाकघरात थांबते."

त्या दिवशी ठिपकी रडली नाही. पुढच्या शनिवारी तिने आपल्या नव्या पाहुणीला तिकीट फाडून दिलं. वेतवालीने तेही जसंच्या तसं लिहिलं आणि या वेळी लिहिताना हात जड झाला. सहाव्या भेटीनंतरच्या रविवारी चर्चमध्ये ती ओळ आली. तिने ती म्हटली. आवाज फाटका निघाला, मध्ये एक शब्द तुटला, आणि नवऱ्याने न बघता तिचा हात हातात घेतला. मन शांत झालं असं मात्र नाही. भीती होती तिथेच होती. फक्त भीती वाटत असतानाही ते शब्द म्हणता येतात, एवढं तिला कळलं.

कचेरीने मुलगी तिच्या आईकडे द्यायचं ठरवलं. ठिपकी गेली त्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली होती. पोरीचे कपडे, तिची उशी, आवडत्या दोन खुंट्या असं सगळं बांधून दिलं. नव्या घरी रुळावी म्हणून सहा महिने गाठभेट नको, फोनवर बोलणंही नको, असं कचेरीने सांगितलं होतं. ठिपकीला ते कळलं नव्हतं. शनिवारी ये हं आई, असं सांगून ती गेली.

मग घर गप्प झालं. जेवायला बसताना तिसरं ताट घेतलं जायचं आणि पुन्हा फळीवर जायचं. वेतवाली काम करायची, पण ताण कमी-जास्त व्हायचा, विणलेलं उसवावं लागायचं. लोक म्हणायचे, देवाच्या मनात होतं ते झालं. ती मान हलवायची. असं म्हणणं सोपं असतं, ज्याच्या घरातलं कुणी गेलेलं नसतं त्याला. सकाळी टबातलं पाणी बदलताना ती आता त्या बाईसाठी मागायची: औषध चुकू देऊ नकोस, लॉन्ड्रीतलं काम टिकू दे, रात्री पोर जागली तर तिच्या आईला धीर दे. सुरुवातीला ते शब्द भाड्याने आणल्यासारखे वाटायचे. हळूहळू त्यांना तिच्या घराचा वास लागला.

चौथ्या महिन्यात एका दुपारी फोन वाजला. तीच बाई होती, घाबरलेली. ठिपकीला ताप होता, डॉक्टर औषध देऊन गेले होते, पण पोर ते तोंडात धरून ठेवते आणि थुंकते. वेतवालीने सांगितलं की चमच्याने नको, छोट्या कपातून द्या, आणि तुम्हीही रिकामा कप तोंडाला लावून तिच्याबरोबर प्या. त्या बाईने फोन तसाच ठेवून करून पाहिलं. पलीकडून भांड्याचा आवाज आला, मग पोरीचं खोकणं, मग तिचा बारीक आवाज, "कुणाशी बोलतेस?"

वेतवालीने रिसीव्हर कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

"घेतलं तिने," ती बाई फोनवर परत येऊन म्हणाली. मग आवाज खाली आणून, "देऊ का तिला? कचेरीला कोण सांगणार आहे?"

वेतवालीचे डोळे मिटले. हो, एवढा एकच शब्द होता आणि तो जिभेच्या टोकावर होता.

"नको," ती म्हणाली. "ती तापात आहे, माझा आवाज ऐकला तर इकडे यायचं म्हणेल आणि तुमची रात्र जड जाईल. दोन महिने राहिलेत. जाऊ द्या ते." आणि पुढे म्हणाली, "पण ताप उतरला की मला कळवा. किती वाजले असतील तरी."

फोन ठेवून ती खुर्च्यांच्या खोलीत आली. मला ती हवी आहे, असं तिने देवाला सांगितलं, जसं रोज सांगायची तसंच, एक शब्दही न गिळता. मग टबातून ओली पट्टी काढली, पुसली आणि भोक शोधून ओवायला घेतली. संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा फोन आला. ताप उतरला होता, पोर झोपली होती.